चष्मेवाल्यांचं बिनआवाजी टेनिस

आमच्या गल्लीत चष्म्याचं एकच दुकान आहे आणि त्याला लागून माझं शिवणाचं. मधली भिंत म्हणतात ती प्लायवुडची आहे, त्यामुळे चष्मेवाल्यांच्या संसाराची निम्मी माहिती मला कान न देता मिळते. कान दिला की उरलेली मिळते.

चष्मेवाले म्हणजे एकदम इस्त्रीतला माणूस. शर्टाच्या वरच्या खिशात तीन पेनं, त्यातलं एक चालतं. समोरच्याशी बोलताना त्याच्या डोळ्यांत न बघता चष्म्याच्या दांडीकडे बघणार आणि हळूच म्हणणार, "तुमचा डावा कान उजव्यापेक्षा वर आहे, माहितीये ना?" जणू आपण तो कान इतकी वर्षं लोकांपासून लपवत होतो. कामात मात्र चोख. या भागातल्या बहुतेक नाकांवर त्यांचाच चष्मा बसलेला आहे.

दुकान लांबट, डब्यासारखं. दाराशी उजेड चांगला म्हणून तिथे वहिनींचं टेबल. वहिनी म्हणजे चष्मेवाल्यांची बायको. दांड्यांचे बारीक स्क्रू बसवणं, नाकाशी टेकणाऱ्या गाद्या बदलणं, वाकलेली फ्रेम गरम करून सरळ करणं हे सगळं त्यांच्याकडे. थेट दुसऱ्या टोकाला, आतल्या भिंतीवर अक्षरांचा तक्ता आणि तक्त्याच्या वर टीव्ही. मोठी स्पर्धा चालू असली की टीव्हीवर सकाळपासून दुकान बंद होईपर्यंत टेनिस. आवाज मात्र कायम बंद. एकदा एक गृहस्थ तक्ता वाचत असताना टीव्हीत जोरात टाळ्या पडल्या. त्यांना वाटलं आपलं बरोबर आलं, आणि ते चुकीची अक्षरं आणखी जोशात वाचत सुटले. त्यांना दिलेला चष्मा परत घ्यावा लागला. तेव्हापासून टेनिस मुकं.

आवाज नाही म्हटल्यावर खेळाडूंची नावं कशी उच्चारायची ते कुणालाच कळेना. कोपऱ्यात लिहिलेली असतात, पण त्यात चार व्यंजनं एकमेकांच्या खांद्यावर चढलेली. म्हणून चष्मेवाल्यांनी नियमच केला की दुकानात खेळाडूंना आपलं नाव द्यायचं. ते कुणी द्यायचं याचाही नियम त्यांनीच केला.

"दुकान माझं, टीव्ही माझा. नावं मी देणार."

आणि द्यायचे. सम्राट. वादळ. पोलादी मनगट. महिलांत एक होती तिला विद्युल्लता. लॉटरीच्या तिकिटावर शोभतील अशी नावं. आम्ही मंडळी म्हणजे वरच्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर, समोरच्या बँकेतल्या कॅशियरबाई आणि मी, ती मुकाट्याने वापरायचो. खुर्ची त्यांची, पंखा त्यांचा, कशाला वाद घालायचा.

मतं मात्र ज्याची त्याची. डॉक्टरांचा सगळा अंदाज दातांवर. "वादळ आज हरणार. सर्व्हिस करताना दाढा आवळतोय. अशा माणसाचा तिसऱ्या सेटमध्ये जबडा दुखतो." कॅशियरबाईंना पंचांशी हुज्जत घालणारे चालत नसत. बँकेत असल्या लोकांना त्या दुसऱ्या खिडकीवर पाठवतात. सम्राट जिंकला की म्हणायच्या, "जिंकू दे, पण माणूस लाइनीत उभा राहणारा नाही." मी शर्टाची खांद्याची शिवण बघायचे. जगात पहिल्या नंबरचे म्हणवतात आणि बगलेत चुणी पडते. अशी बैठक. मधोमध चष्मेवाले, हातात कुणाची तरी फ्रेम, मुद्रा अशी की नाणेफेक यांनाच विचारून करतात.

हे सगळं छान चाललं होतं. मग त्या दुपारी सम्राटाची मॅच लागली.

सम्राटाने हातात तीन चेंडू घेतले, दोन परत दिले, एकाकडे संशयाने पाहिलं. टॉवेल मागितला. टॉवेल घेऊन आलेल्या पोरीला हाताने थांबवलं, दुसरा मागितला. उन्हाकडे बघून कपाळावर हात आडवा धरला. चष्मेवाले भारावून म्हणाले, "बघा, सम्राट म्हणतात ते उगाच नाही."

दाराजवळून, स्क्रूवरची नजर न काढता, वहिनी म्हणाल्या, "सम्राट कसला. सासुरवाडीला आलेला जावई आहे. हे नको, ते द्या, तेही नको, ऊन लागतंय."

डॉक्टर खुर्चीवरून घसरायचेच बाकी होते. कॅशियरबाईंनी तर जेवणाचा डबाच बाजूला ठेवला. त्या क्षणापासून त्या माणसाचा जावई झाला तो झालाच. जावई चिडला, जावयाने रॅकेट आपटली, जावयाला मधे केळं लागतं. बँकेतही पसरलं. दोन दिवसांनी एक शिपाई माझ्याकडे पँटची दुमड उसवून लांबी वाढवून घ्यायला आला तो दारातूनच म्हणाला, "जावई फायनलला गेला का?"

चष्मेवाल्यांच्या कानाच्या पाळ्या लाल होतात. तापाने होतात तशा नाही, वेगळ्याच. त्या दिवशी मी त्या पहिल्यांदा पाहिल्या, पुढे रोजच पाहिल्या.

कारण वहिनी थांबल्या नाहीत. त्यांना काही नाव पाडायचं नसायचं. हात कामात, तोंड मोकळं. विद्युल्लता सर्व्हिस करण्याआधी वाकून, पाची बोटं खाली करून चेंडू आपटत बसायची, आपटत बसायची. वहिनी म्हणाल्या, "झालं असेल आता मीठ बरोबर, उतरव की खाली." झाली ती मीठवाली. पोलादी मनगट पॉइंट हरला की आपल्या माणसांच्या दिशेने हातवारे करायचा. त्याला वहिनी म्हणाल्या, "हा घरी पण चहात साखर कमी पडली की शेजाऱ्यांना दाखवत असणार." शेजारी दाखव्या. लांब होतं, पण कुणालाही आखूड करावंसं वाटलं नाही. पोलादी मनगट हे नाव तेव्हापासून कुणी उच्चारलेलं मी ऐकलं नाही, चष्मेवाल्यांशिवाय.

ते एकटेच म्हणत राहिले. "पोलादी मनगटाने बघा कसा मारला."

"कोणी?" डॉक्टर विचारायचे. मुद्दाम. वरच्या मजल्यावर माणसांना दुखवून पोट भरतात, खाली तीच सवय.

"पोलादी मनगट."

"अच्छा, शेजारी दाखव्या."

बायकोचा मत्सर करणारे नवरे मी पाहिले आहेत, पण ते बायको कुणाकडे बघते म्हणून. बायको आपल्यापेक्षा चांगलं बोलते म्हणून आतून शिजत बसलेला हा पहिलाच. आणि बोलायचं तरी कुणाशी? वहिनींना तर आपण काही जिंकलोय याचा पत्ताच नव्हता. लढाईत शत्रू आपल्याला शत्रू समजतही नाही यासारखा अपमान नाही.

मग ते तयारी करू लागले. मला वहिनींकडूनच कळलं. "हल्ली जेवताना ताटाकडे बघून पुटपुटतात हो. मला वाटलं भाजी बिघडली. विचारलं तर म्हणाले, झंझावात कसं वाटतं? म्हटलं, आमटीला?"

घरी दाद मिळेना म्हणून गिऱ्हाइकांवर प्रयोग सुरू झाले. गिऱ्हाईक तिथे पळू शकत नाही, हनुवटी यंत्रात अडकलेली असते. एका बाईंची तपासणी चालू होती. चष्मेवाले भिंगं बदलता बदलता म्हणाले, "वज्रबाहू. कसं वाटतंय?"

बाई डोळे ताणून तक्त्याकडे बघत राहिल्या. "कितव्या ओळीत आहे ते?"

मी प्लायवुडच्या अलीकडे दोरा तोंडात धरून हसत होते. तो तुटला.

माझंही सांगून टाकते. या गल्लीत टिंगल करण्याचं खातं इतकी वर्षं माझ्याकडे होतं. कुणाच्या लग्नात कोण कसं नाचलं हे लोक माझ्याकडून ऐकायला यायचे. आता माझ्या दुकानात माप देता देता लोक विचारायचे, "शेजारच्या वहिनी आज काय म्हणाल्या?" सुई बोटात गेली की जसं वाटतं तसं वाटायचं. रक्त येत नाही, पण गेलेली असते. त्यामुळे चष्मेवाल्यांकडे मी हसत होते खरी, पण आम्ही दोघं एकाच बाकावर बसलो होतो.

भांडं फुटलं ते एका चेंडूवरून. जावई आणि शेजारी दाखव्या खेळत होते. एक चेंडू रेषेजवळ पडला. डॉक्टर म्हणाले आत, कॅशियरबाई म्हणाल्या बाहेर. दोघंही हट्टी. शेवटी डॉक्टरांनी मान वळवली. "वहिनी, तुम्ही सांगा. चेंडू आत होता की बाहेर?"

"मला विचारता?" वहिनींनी दांडी उजेडात धरली. "मला चेंडू कुठे दिसतो. माणसं धावतायत म्हणजे असेल कुठेतरी."

सगळे हसले. चष्मेवाले हसले नाहीत. त्यांनी हातातली फ्रेम खाली ठेवली.

"अगं, स्कोअर किती झालाय?"

"कुठाय स्कोअर?"

"कोपऱ्यात. वर डावीकडे."

"ती पांढरी पट्टी? तो स्कोअर होय? मी समजत होते साबणाची जाहिरात आहे."

"तक्त्याची शेवटची ओळ वाच."

वहिनींनी स्क्रू पिळता पिळता शेवटची ओळ घडाघडा म्हटली. एकही अक्षर चुकलं नाही. मानही वर केली नव्हती.

"तू बघितलंस कुठे?" चष्मेवाल्यांचा आवाज जरा चिरका झाला.

"बघायचं काय त्यात? दिवसभर लोक तेच तर म्हणत असतात. दरवर्षी तुम्ही मला विचारता, दरवर्षी मी सांगते. तुम्ही म्हणता, छान."

आता हे बघा. ज्या माणसाने आख्ख्या भागाचे डोळे मोजले, त्याने स्वतःच्या बायकोचे वर्षानुवर्षं पाठांतर तपासलं होतं. दुसरा कुणी असता तर जमिनीत गेला असता. चष्मेवाल्यांच्या चेहऱ्यावर आधी ओशाळेपणा आला, मान्य. पण तो टिकला नाही. त्याच्यावर हळूहळू उजेड पडत गेला.

"म्हणजे हिला काही दिसतच नाही," ते आमच्याकडे वळून म्हणाले. "ना चेंडू, ना चेहरा. आणि हिची नावं तुम्ही डोक्यावर घेऊन नाचताय."

त्यांना वाटलं, खेळ संपला. पण झालं भलतंच. डॉक्टर म्हणाले, "न दिसता एवढं? दिसत असतं तर काय झालं असतं?" कॅशियरबाईंनी तर दाराकडे वळून हात जोडले. वहिनी म्हणाल्या, "अहो, लांबून माणसाचं चालणं न् हातवारे तेवढे कळतात. तेवढ्यावर माणूस ओळखू येतो की. चेहरे बघून उलट फसायला होतं."

चष्मेवाल्यांच्या पाळ्या पुन्हा लाल. पण या वेळी मी त्यांचे डोळेही पाहिले. शिवणकामात कापडाकडे बघून माणूस मनात कात्री कुठून चालवतो ते मला कळतं. ते वहिनींकडे तसे बघत होते. हिला चेंडू दिसत नाही म्हणून हिला माणसं दिसतात. चेंडू दिसू लागला की ही पण आपल्यासारखी मान डावी-उजवी करत बसेल. मग नावं कोण ठेवणार?

तिथल्या तिथे त्यांनी खणातून दुसरा तक्ता काढला, आकड्यांचा, ज्यांना अक्षरं येत नाहीत त्यांच्यासाठी ठेवलेला. वहिनींना खुर्चीत बसवलं. पावणेदोन नंबर निघाला, दोन्ही डोळ्यांना. लोकांचे चष्मे बाजूला सारून वहिनींच्या काचा त्याच दिवशी घासायला घेतल्या. फ्रेम काढली ती काचेच्या कपाटातली, जी विचारणाऱ्याला ते आधी किंमत सांगून घाबरवतात. कॅशियरबाई म्हणाल्या, "किती करतात हो बायकोचं." पलीकडे काच घासायचं यंत्र घरघरत होतं आणि त्या घरघरीवर चष्मेवाले गुणगुणत होते. मत्सराने माणूस इतका सुरात येतो हे मला नवीन होतं.

मी दारातून डोकावले. "भाऊजी, एवढी घाई?"

"डोळ्यांचा प्रश्न आहे, ताई."

"हो ना. आणि जिभेचा."

त्यांनी यंत्राचा वेग वाढवला.

दुसऱ्या दिवशी उपांत्य सामना. वहिनींनी चष्मा लावला. आधी रस्त्याकडे पाहिलं. "बँकेच्या पाटीवर एवढं सगळं लिहिलंय होय." मग माझ्याकडे. "अगंबाई, तुमचे केस पुढून पांढरे झालेत की. कधी?" मग नवऱ्याकडे पाहिलं, बराच वेळ, आणि म्हणाल्या, "बरं." त्या बरंचा अर्थ चष्मेवाले अजून लावतायत.

मग टीव्हीकडे. जावयासमोर त्या दिवशी एक दाढीवाला होता, कालपरवापर्यंत कुणाच्या खिजगणतीत नसलेला. आम्ही कान टवकारून बसलो. दाढीवाल्याने टॉवेल मागितला. वहिनी गप्प. रॅकेटच्या तारा बोटांनी सारख्या केल्या. गप्प. पहिला सेट संपला, वहिनींची मान डावीकडे, उजवीकडे, डावीकडे.

"वहिनी, काहीतरी म्हणा हो," डॉक्टर काकुळतीला आले.

"थांबा हो. खेळ बघू द्या."

चष्मेवाल्यांनी खुर्ची पुढे ओढली. छाती थोडी वर आली. "मी म्हणतो, या नव्याला वज्रबाहू म्हणू या." कुणी हो म्हणालं नाही, पण नाहीही म्हणालं नाही. राज्य परत आल्यासारखे ते मागे टेकले.

दुसऱ्या सेटमध्ये वहिनींनी पेचकस टेबलावर ठेवला. दुकान चालू असताना तो पेचकस खाली ठेवलेला मी आजवर पाहिला नव्हता. उठल्या, आपलं स्टूल उचललं, दुकानाच्या लांबीभर चालत आल्या आणि टीव्हीखाली, अगदी पुढच्या रांगेत बसल्या.

"हा दाढीवाला दिसायला बरा आहे की," त्या म्हणाल्या.

डॉक्टरांनी टीव्ही सोडून चष्मेवाल्यांकडे पाहिलं.

"बरा म्हणजे?" चष्मेवाले.

"बरा म्हणजे बरा. मला काय माहीत, हे लोक असे दिसतात. तुम्ही बोलला नाहीत कधी."

"घामाने डबडबलाय तो."

"त्याला घाम पण बरा दिसतो."

"दाढी वाढवली की कुणीही..."

"तुम्ही वाढवली होती ना, हिवाळ्यात," वहिनी म्हणाल्या. टीव्हीवरून नजर काढली नाही. मग मऊ आवाजात, "बॅकहँडला ती कपाळावरची बट बघा कशी उडते."

बॅकहँड. बाईला काल चेंडू दिसत नव्हता, आज बॅकहँडची बट दिसत होती. खरं सांगायचं तर तो दाढीवाला मला गेल्या वर्षीपासून माहीत होता. छोट्या स्पर्धांत खेळायचा तेव्हापासून. मी कुणाला बोलले नव्हते. काही गोष्टी आपल्या आपण बघायच्या असतात. आता सगळं दुकान त्याची बट बघत होतं. मला राग आला तो आला.

पण माझा राग काहीच नव्हता. चष्मेवाले उभे राहिले होते. हातातली दांडी त्यांनी इतकी वाकवली होती की ती आता तिसऱ्याच कानाला बसली असती. दाढीवाल्याने घामाचा शर्ट बदलायला काढला, नवा चढवला, खांदे हलवून नीट केला. वहिनींनी आपला नवा चष्मा बोटाने वर सरकवला.

"हँगर आहे हँगर," चष्मेवाले दातओठ खात म्हणाले. "वरून कपडे छान बसतात. आत तार."

डॉक्टर असे हसले की वरून त्यांचा पेशंट खाली बघायला आला. कॅशियरबाईंनी डोळे पुसले. मला नको असताना हसू आलं. हँगर. ठरवून नाही, ताटाकडे बघून पुटपुटून नाही, थेट पोटातून आलेलं. इतक्या वर्षांत त्यांनी दिलेलं पहिलं नाव जे जागच्या जागी चिकटलं. संध्याकाळपर्यंत बँकेत पोचलं. दुसऱ्या दिवशी तो शिपाई विचारत आला, "हँगर जिंकला म्हणे?" जिंकला होता. जावयाला हरवून.

चष्मेवाल्यांनी दोन दिवस ते नाव मिठाईसारखं वाटलं. येईल त्याला ऐकवलं. हनुवटी यंत्रात असलेल्यांना तर दोनदोनदा. लोक हसायचे, खरंखुरं हसायचे. त्यांना जे हवं होतं ते मिळालं होतं. एका माणसाची दाद सोडून.

वहिनी हसल्या होत्या त्या दिवशी, नाही असं नाही. "छान आहे," म्हणाल्या आणि पुन्हा टीव्हीकडे वळल्या. पण त्यांच्या तोंडून हँगर एकदाही आलं नाही. इतर कुणाचं नाव त्यांनी नंतर ठेवलंही नाही. मीठवाली मीठ टाकत राहिली, त्यांनी पाहिलंही नाही. सकाळी दुकान उघडलं की पहिला प्रश्न फक्त एक.

"अहो, आपल्याची मॅच किती वाजता आहे?"

"कुणाची?"

"आपल्याची."

"हँगरची म्हणायचंय का तुला?"

"हां, त्याचीच."

आपला. मलाही ते रुचलं नाही. आपला म्हणजे कुणाकुणाचा, हे आधी ठरायला हवं होतं. पण विचारायची सोय नाही.

फायनलच्या दिवशी मी गळ्याचं माप घ्यायची टेप मागायला म्हणून तिकडे गेले. टेप माझ्याच गळ्यात होती, पण ते जाऊ दे. वहिनी पुढच्या स्टुलावर, मांडीवर अर्धी जोडलेली कुणाची तरी फ्रेम. चष्म्याच्या दुकानात आरसे पुष्कळ असतात. त्यातल्या सगळ्यात उंच आरशासमोर चष्मेवाले एका बाजूला वळून उभे होते. त्यांनी पोट आत घेतलं, खांदे मागे नेले, शर्ट दोन्ही बाजूंनी ओढून सरळ केला. मग कपाळावर एक बट शोधली. मिळाली नाही.

"काय बघताय हो?" वहिनींनी टीव्हीकडे बघतच विचारलं.

"फ्रेम," ते म्हणाले. डोळ्यांवर चष्मा नव्हता.